मिस्टर पिनरचं टेबल

१४ मार्च, शुक्रवार

ठरलं. लिऑन! तीन दिवस.

नंदाला सांगितलं, फ्रान्समधलं खाण्याचं माहेरघर म्हणतात, दोन हजार वर्षांचं रोमन थिएटर आहे, बघून येतो. ती डिशवॉशर लावत होती. वळलीसुद्धा नाही. "अहो, ऑलिव्ह ऑइलचा वास आला की खिडकी उघडता तुम्ही. फ्रान्सला जेवायला?"

म्हटलं, माणूस बदलतो.

"बरं. मग तिला कळवू का?"

"कुणाला?"

डिशवॉशरचं दार जरा जोरातच लागलं.

१६ मार्च, रविवार

रविवार म्हणजे आश्लेषाचा फोन. लिऑनच्या ज्या रेस्टॉरंटमध्ये ती स्वयंपाक करते, त्याला आज सुट्टी. नंदा किचनमध्ये स्पीकर लावते, मी जिन्यात बसतो. दोन वर्षं झाली. माझ्या लेकीचा आवाज मी असा चोरून ऐकतो. इथे वाढली, तिच्या मराठीत सगळंच पुल्लिंगी. नवा सुरा घेतलाय. खोकला जात नाहीये. "बाबा कसे आहेत?" हे विचारत नाही. पण फोन ठेवायच्या आधी क्षणभर थांबते. ते थांबणंही ऐकू येतं मला.

केलं मीच. वकिलीची नोकरी सोडून स्वयंपाक शिकली, घरी आली, पहिलं जेवण माझ्यासाठी रांधलं. मी ताट ढकललं. "मिरजेच्या कार्यालयात पंगतीला मीठ वाढत होतो मी! इथे येऊन दुसऱ्यांचे कांदे चिरले, तेव्हा कुठे समोशांचं युनिट उभं राहिलं. ते तू परत कुणाच्या शेगडीपाशी उभी राहावीस म्हणून?"

एक घाससुद्धा घेतला नाही. अन्नावर राग काढणारा माणूस मी कामावर ठेवत नाही. स्वतःला कुठे काढणार!

२० मार्च, गुरुवार. लिऑन

दोन नद्या, मधे शहर. एक हिरवट, एक मातकट, आणि पुढे दोघी एक होतात. हरिपूरचा संगम आठवला. तिथे आश्लेषाला खांद्यावर घेऊन उभा होतो, चार वर्षांची होती. "पाणी कुठं चाललंय, बाबा?"

दुपारी गाइडबरोबर हिंडलो. घरांच्या पोटातून जाणारे बोळ आहेत इथे— रेशीम विणणारे त्यातून कापडाचे गठ्ठे न्यायचे, पावसात भिजू नयेत म्हणून. मग गाइड म्हणाली, या शहराचं नाव झालं ते बायकांमुळे. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला असायच्या, तिथून बाहेर पडल्या आणि स्वतःच्या खाणावळी काढल्या. लोक त्यांना 'आई' म्हणत. टोपी काढून बोलत त्यांच्याशी!

सगळे फोटो काढत होते. मी बुटाची नाडी बांधत बसलो.

हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला आश्लेषाच्या रेस्टॉरंटमध्ये उद्याचं टेबल राखून ठेवायला सांगितलं. "नाव?" खरं कसं देऊ? आम्ही राहतो त्या उपनगराचंच नाव तोंडातून निघून गेलं— "मिस्टर पिनर."

२१ मार्च, शुक्रवार

गेलो. अठरा टेबलं, लाल चौकडीचे टेबलक्लॉथ. किचनची खिडकी हॉलमध्येच उघडते. मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसलो. दिसायला नको. कान आहेत की!

आणि काय ऐकलं! भांड्यांचा दणदणाट, पुरुषांचे आवाज, त्यात तिचा. फ्रेंच एक अक्षर कळत नाही, पण हुकूम कळतो. माझ्या युनिटमध्ये मी देतो तसाच— मोजका, आणि कुणी उलट विचारत नाही. कुणाच्या शेगडीपाशी उभी नाहीये ती. शेगडी तिचीच आहे.

केनेल मागवलं. नदीतल्या माशाचा फुललेला मऊ गोळा, वर सॉस. प्लेटच्या कडेला चिमूटभर मीठ सांडलेलं. एवढं नावाजलेलं ठिकाण आणि ही सफाई! चाळीस वर्षांची सवय— नॅपकिनने पुसून टाकलं. लिंबाची फोड होती, ती बाजूला सारली. मासा म्हटल्यावर लिंबू आलंच.

पहिला घास. डोळे मिटले. जे दोन वर्षांपूर्वी ढकललं, ते असं लागलं असतं?

तेवढ्यात त्या सगळ्या फ्रेंचमधून एकदम— "आई गं!" हात भाजला असणार. मी अर्धा उठलो. वेट्रेस धावत आली, काही हवंय का? म्हटलं, नो, नो, व्हेरी गुड.

बसलो. चाटूनपुसून खाल्लं. मागे वळायचं धाडस काही झालं नाही.

२२ मार्च, शनिवार

ट्रेनमध्ये. तिच्यासाठी आणलेला अडुळशाचा काढा बॅगेत तसाच.

२३ मार्च, रविवार

नंदाचा फोन लागला. मी जिन्यात.

"आई, मिस्टर पिनर! असं नाव कोण देतं गं? हॉटेलवाली म्हणाली, इंडियन जंटलमन आहेत. मला लगेच कळलं."

"मग बाहेर का नाही गेलीस?"

"जाणार होते. पण आधी... बाबा शिकवायचे ना मला, पहिला मीठ. डावीकडे. मग लिंबू, मग बाकीचा सगळा. मी तसाच वाढला. फक्त त्यांच्या प्लेटला, आई, दुसऱ्या कुणाच्या नाही. म्हटलं, त्यांना दिसला की ते वळून बघतील. बघितले की जाते."

"मग?"

"खिडकीतून बघत होते मी. त्यांनी नॅपकिन घेतला आणि पुसून टाकला."

स्पीकरमधून फक्त खोकला.

उठलो. खाली सहा पायऱ्या. "नंदा," म्हटलं, "फोन दे इकडे."