चाळीस पावलं

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि दादा निरोप सांगताना निम्मं गाळतो, म्हणून हे पत्र. आपल्या जुन्या रस्त्याखालून भुयारी मार्ग काढायचाय आणि ते काम माझ्याकडे आलंय! रस्ता तुम्ही ओळखणार नाही. थिएटर पाडून तिथे बारा मजली काचेची इमारत झालीय, बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान, आणि आपल्या क्वार्टर्स होत्या तिथे गाड्या लावतात. बँकेची दगडी इमारत तेवढी जागेवर आहे.

अडचण अशी, की नकाशात पाण्याची मोठी लाइन दाखवलीय तिथे तीन खड्डे घेतले, तिन्ही कोरडे. अंदाजाने यंत्र लावलं आणि लाइन फुटली तर दवाखान्यासकट अर्ध्या शहराचं पाणी जाईल. महिनाअखेर ती सापडली नाही तर साहेब काम दुसऱ्याला देणार. तुम्ही तिथे एकतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेत. लाइन गेली कुठे?

तब्येतीला जपा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची ठमी

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

शाब्बास! हातात पाना दिला की पायावर पाडून घेणारी पोर आता रस्ता खणायला निघाली.

लाइन कुठे जातेय? मीच हलवली ती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बेकरीसमोर फुटली, तेव्हा दुरुस्तीच्या आड भट्टीचा पाया येत होता. लोक बादल्या घेऊन डोक्यावर उभे. मुकादम म्हणाला, वळसा घालून जोड, नकाशाचं मागाहून बघू. ते मागाहून राहूनच गेलं. मीही ऑफिसात तोंड उघडलं नाही, ही माझी चूक. बँकेच्या कोपऱ्यापासून थिएटरकडे सरळ चाळीस पावलं टाक. तिथे लाइन रस्त्याला आडवी आहे. झोपेतून उठवून विचारलंस तरी हेच सांगेन.

वेळेवर जेवत जा. बाकी आशीर्वाद नेहमीसारखे, मापात नाहीत.
बाबा

ता. १५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अडीच फुटाचं पाऊल धरून शंभर फुटांवर खणलं. नुसती खडी आणि मुरूम. साहेब सगळ्यांदेखत हसले, वडिलांच्या आठवणीवर रस्ते खणत नाहीत म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावू नका, पण चाळीसच ना हो? तेरा दिवस उरलेत.

लोभ आटू देऊ नका.
ठमी

ता. १९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

रागावलोच. दोन दिवस ‘चाळीसच, चाळीसच’ म्हणत घरभर फिरलो. शेवटी तुझी वहिनीच म्हणाली, की बाबा, तेव्हा तुम्ही रिकाम्या हाताने चालत होता का? घ्या! व्हॉल्व्ह फिरवायची पाच फुटी लोखंडी चावी खांद्यावर आणि हत्यारांची पिशवी दुसऱ्या हातात, असा मी जन्मभर चाललो. अडीच फुटाचं पाऊल पडणार कुठून?

मग दादाची पहार खांद्यावर घेतली, पिशवीत विटा भरल्या आणि गल्लीत चाळीस पावलं टाकली. मागून वहिनी टेप घेऊन. शेजारी गॅलरीतून खिदळत होते, खिदळू देत. त्र्याहत्तर फूट भरले. म्हातारपणाने पाऊल आखडलंय, त्याचे दोन फूट वर धर. त्या दोन फुटांत बघ, आणि यंत्र अजिबात नको, हाताने खण.

साहेबाच्या हसण्याकडे लक्ष देऊ नकोस. आम्ही सगळे तुझ्या बाजूला आहोत.
बाबा

ता. २५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सापडली, बाबा! चौऱ्याहत्तर फुटांवर. मी स्वतः खड्ड्यात उतरले, पाइपला हात लावला, गार लागला, आणि मला रडूच कोसळलं. मजूर बघत राहिले.

साहेबही उतरले. सांध्यावरून बोट फिरवलं, ते कोरडंच राहिलं. हा जोड कुणाचा, विचारलं. माझ्या वडिलांचा, म्हटलं, आणि नकाशात तो न आल्याची चूकही सांगून टाकली. ते म्हणाले, मग आता तुम्हीच दुरुस्त करा. नवा नकाशा मी काढलाय, वळशासकट. सोबत प्रत पाठवतेय. काम माझ्याकडेच राहिलं.

वहिनीला माझ्याकडून घट्ट मिठी.
ठमी

ता. २ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

नकाशा पोचला. आधी आपल्या क्वार्टर्स शोधल्या, मग बेकरी, मग थिएटर. एकही नाही. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तुझा भुयारी मार्ग दिसला आणि त्याच्या शेजारून जाणारी आपली लाइन दिसली, मग चष्मा दोनदा पुसावा लागला.

दादाने नकाशा बाहेरच्या खोलीत लावलाय. येईल त्याला मी सांगतो, की ही लाइन मी वळवली आणि कुणाला कळू दिली नाही, माझ्या पोरीने ती शोधून कागदावर आणली. मग खालच्या सहीवर बोट ठेवतो. तुझं ते गिचमिड अक्षर कुणालाच लागत नाही, म्हणून मीच मोठ्याने वाचून दाखवतो.

तुझा,
बाबा