साडेबासष्ट टक्के बुटकी

२ मार्च, शनिवार

अखेर आणली. रेटिक्युलेटेड पायथन. वय दीड वर्ष, लांबी पाच फूट, नाव पेटुनिया. जगातला सगळ्यात लांब वाढणारा अजगर तो हाच, पण आपली बुटक्या जातीची. नेमकं सांगायचं तर साडेबासष्ट टक्के बुटकी. विकणाऱ्या रस्टीने तिच्या आजी-पणजीपर्यंतचा वंश कागदावर काढून दाखवला. सात फुटांच्या वर गेली तर मिशी काढीन म्हणाला. मेबेथने विचारलं, उरलेले साडेसदतीस टक्के कुठल्या बाजूने वाढणार? लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण बायकोची शंका काढायची खोड गेली नाही.

खरेदी शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या प्रदर्शनात. तिथे चालतं, आमच्या फ्लोरिडात बंदी आहे म्हणतात. रस्टीने माझ्या गाडीची फ्लोरिडाची नंबरप्लेट पाहिली आणि मग बराच वेळ आकाशाकडे बघत राहिला. सभ्य माणूस. पेटुनियाला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा बिअरच्या कूलरमध्ये ठेवला आणि सीमा ओलांडली.

काचपेटी मेबेथच्या शिवणाच्या खोलीत ठेवली. ती म्हणाली, माझ्या खोलीत नाही म्हणजे नाही. म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो आणि मग ठेवली.

३ मार्च

संकल्प. एक, रोज अर्धा तास पेटुनियाला हातात घेणे. दोन, तिचं सगळं स्वतः करणे. तीन, कुणालाही न सांगणे.

संध्याकाळी शेजारच्या हँक स्ट्रिकलंडला सांगितलं. हँक म्हणजे काही कुणी परका नव्हे. तो उन्हाळ्यात दक्षिणेच्या दलदलीत जाऊन सरकारसाठी अजगर पकडतो, म्हणजे जाणकार. म्हणाला, व्हर्नन, गाढवा, मला कशाला सांगितलंस?

२१ मार्च

कायदा स्वतः वाचला. लोक न वाचताच घाबरतात. बंदीच्या यादीत ‘रेटिक्युलेटेड पायथन’ एवढंच लिहिलंय. बुटक्यांबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे बुटक्यांना सूट आहे, हे शेंबडं पोरही सांगेल.

मेबेथ म्हणाली, यादीत व्हर्नन टिलरीचंही नाव नाही, म्हणून तुला तुरुंगात घालणार नाहीत का? कायद्याचं डोकं सगळ्यांना नसतं.

१४ एप्रिल

सहा फूट एक इंच. सुतळीने मोजली. ती सरळ राहत नाही, तेव्हा थोडं इकडेतिकडे.

अर्ध्या तासाचा संकल्प सध्या स्थगित. दुकानात मोसम सुरू झालाय, अख्ख्या गावाची गवत कापायची यंत्रं दुरुस्तीला माझ्याच टेबलावर येऊन पडतात. पण रात्रीच्या जेवणाआधी दाराशी उभा राहून तिच्याशी बोलतो. ती जीभ काढते. ओळख पटतेय.

हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मुलगा टोबी ओहायोला गेला, तो ख्रिसमसला फोन करतो. म्हातारा कुत्रा गेल्या वर्षी गेला. घरात पाऊल टाकलं की ‘हा आला’ हे कळणारं कुणीतरी हवं होतं. मेबेथला कळतं, पण ती मान वर करत नाही.

२६ मे, रविवार

चावली. अंगठ्याला.

चावली म्हणजे काय, जेवायची वेळ होती. उंदीर फ्रीजरमधून काढून कोमट पाण्यात ठेवण्याचं बारीकसारीक काम मेबेथ करते, चिमट्याने भरवायचं मुख्य काम माझं. मी चिमट्याशिवाय सहज हात आत घातला. तिने लाडाने पकडलं. लाड जरा लांबला. मेबेथने तोंडाजवळ थंड पाणी सोडलं तेव्हा सुटलो.

ती म्हणाली, आधी काठीने अंगाला हलकेच स्पर्श करावा, म्हणजे हे जेवण नाही हे तिला कळतं. सगळे पाळणारे असंच करतात. मी म्हटलं, पोटच्या पोरीला कुणी काठी लावून उठवतं का? नातं असलं की काठी लागत नाही.

दुकानात सांगितलं, ब्लेड लागलं. मालक म्हणाला, ब्लेडला दात दोन्हीकडून असतात का रे?

१२ जून

सात फूट दोन इंच. रस्टीचा शब्द खरा ठरला. दोन इंच सुतळीचे. वाढ संपली!

आज लवकर घरी आलो. मेबेथ पडद्याला टाके घालत होती आणि पेटुनिया शिवणयंत्राभोवती वेटोळं करून निवांत पडली होती. मेबेथने कापड मोजायची पट्टी तिच्या पाठीला टेकवली, उचललं आणि घडी केलेली चादर ठेवावी तशी पेटीत ठेवली. साप मुळातच गुणी. तीन महिने मी जे संस्कार केले, ते परक्या माणसाशी वागतानाही दिसतात, याचं समाधान वाटलं.

४ जुलै

सगळं गाव फटाके उडवत होतं. अंगणात रिब्ज भाजायला हँकला बोलावलं होतं. तिसऱ्या बिअरनंतर त्याला म्हटलं, चल, बुटक्यांचा स्वभाव कसा असतो ते बघ. लोक उगाच बदनाम करतात. पेटी उघडून हात घातला.

मनगट. या वेळी लाड नव्हता, हे मान्य करतो. फटाक्यांचा आवाज.

हँकने पट्टी बांधली. वर प्रवचन. म्हणाला, अरे, तू आठवड्यातून एकदा दार उघडतोस ते जेवण द्यायला. तुझं तोंड दिसलं की तिला जेवण दिसतं. तिचा स्वभाव उत्तम आहे, वांधा तुझ्यात आहे. आणि ही नऊ फुटांची आहे.

नऊ म्हणे! आयुष्यभर दलदलीत राहून माणसाचा अंदाज बिघडतो. तरी मेबेथने शिंप्याच्या टेपने मोजली. आठ फूट दहा. उकाड्यात सगळंच पसरतं.

९ ऑगस्ट

वन्यजीव खात्याला पत्र टाकलं. अत्यंत सावधपणे. ‘माझ्या एका मित्राकडे बुटकी रेटिक आहे, अतिशय प्रेमळ स्वभावाची. त्याला सूट मिळेल काय?’ उत्तर लवकर यावं म्हणून पाकिटावर स्वतःचा पत्ता ठळक अक्षरात लिहिला.

रस्टीला चार फोन केले. नंबर बंद. मिशीची चौकशी करायची होती.

३ सप्टेंबर

खात्याचं उत्तर. जात महत्त्वाची, आकार नाही. बुटकी, अर्धबुटकी, कुणालाच सूट नाही. १६ नोव्हेंबरला परदेशी प्राणी सोपवण्याचा दिवस आहे. त्या दिवशी आणून देणाऱ्याला दंड नाही, प्रश्न नाहीत, परवाना असलेल्या घरी प्राण्याची सोय लावली जाते. शेवटी लिहिलंय, आपल्या मित्राला शुभेच्छा.

मेबेथने पत्र दोनदा वाचलं आणि कॅलेंडरवर १६ तारखेला गोल केला. म्हटलं, काय घाई आहे? ती म्हणाली, धाड पडली तर तुला दंड होईल, तो तू भरशील. तिचं काय करतील? वीस-पंचवीस वर्षं जगते ती, व्हर्नन. आवाज चढवून बोलली नाही, म्हणून जास्त लागलं.

६ ऑक्टोबर

पर्याय शोधला. जॉर्जियात राहायला जायचं! सीमा चाळीस मैलांवर. मेबेथ म्हणाली, जा की. आणि काम करत राहिली.

टेप लपवून ठेवला आहे. मोजायचं कशाला?

१० नोव्हेंबर

नवी योजना, आणि ही फसूच शकत नाही. सोळा तारखेला घेऊन जायचं, पण सोपवायचं नाही. अधिकाऱ्यासमोर पेटी उघडायची. पेटुनिया बाहेर येईल, माझ्या खांद्यावर चढेल आणि दुसऱ्या कुणाकडे जायला तयार होणार नाही. असं नातं बघून दगडालाही पाझर फुटेल, हा तर सरकारी माणूस. अपवाद करतील. भाषण तयार आहे. आरशासमोर दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा माझाच रुमाल भिजला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

डाव्या हाताने लिहितोय.

जत्रेच्या मैदानावर तंबू. आमच्यापुढे एक माणूस बाथटबएवढं कासव घेऊन उभा होता. आमची पाळी आली. मी भाषण सुरू केलं, ‘महोदय, नातं’ इथवर आलो, झाकण उघडलं आणि हात आत घातला. पुढचं टाके घालणाऱ्या बाईंना ठाऊक. सात.

मला खुर्चीत बसवलं. मेबेथने दोन बोटं पेटुनियाच्या पाठीवर टेकवली आणि ती संथपणे बाहेर आली, मेबेथच्या खांद्यावरून कमरेपर्यंत. अधिकाऱ्याने मोजली. दहा फूट सात इंच. अजून वाढेल म्हणाला.

मग फॉर्म. शेवटचं जेवण कधी? मी सांगितलं, रविवारी. मेबेथ म्हणाली, मंगळवारी, एक मोठा उंदीर. शेवटची कात? मी म्हटलं, उन्हाळ्यात. मेबेथ म्हणाली, २२ ऑक्टोबर, एकसंध उतरली, त्याआधी आठवडाभर रोज पाणी फवारत होते. वजन? मेबेथला तेही माहीत होतं. फॉर्मवर ‘सांभाळ करणाऱ्याचं नाव’ या रकान्यात अधिकाऱ्याने मला न विचारता मेबेथ टिलरी लिहिलं.

न्यायला आलेल्या परवानेवाल्या बाई ओकाला गावच्या. त्या मेबेथला म्हणाल्या, इतकी माणसाळलेली रेटिक मी क्वचित पाहिली, जीव लावलात तुम्ही. मेबेथ रडली. एकतीस वर्षांत तिला मी तीनदा रडताना पाहिलंय. बाईंनी तिला हवं तेव्हा भेटायला यायला सांगितलं. मग माझ्या बँडेजकडे बघून विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का?

परत येताना मेबेथच गाडी चालवत होती. गावात शिरल्यावर ती म्हणाली, पुढच्या रविवारी जाणार आहे, येतोस?

मी विचारलं, ती मला ओळखेल का ग?

मेबेथने माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाली, ओळखेल की. जेवण आलं म्हणेल.