बेटर कोणाची

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा एक शब्द माझ्या घरातून जात नाही. बेटर. हसनाबादच्या शाळेत तुम्ही इंग्रजी शिकवायचात आणि घरी आलात की आम्हा दोघी बहिणींना धरून बसायचात. गुड म्हटलं की माणूस बसून घेतं, बेटर म्हटलं की चालत राहतं, असं तुमचं म्हणणं. खरं असेल. मी तर जन्मभर चालतेच आहे.

आई गेली आणि चूल आमच्यावर आली. पाळी तुम्हीच लावून दिली. एक दिवस मी भाकरी करायच्या, एक दिवस धाकटीनं. जिची पाळी नाही तिनं हापशावर पाण्याला जायचं. मला अजून दिसतं. मी चुलीपुढं बसलेय, बोटं भाजलीत, भाकर टम्म फुगलीय. तुम्ही पाटावर बसून तिचा पापुद्रा सोलता, पहिला घास सावकाश चावता आणि म्हणता, "झाली चांगली. पण तिची बेटर असती." मंग खाली मान घालून जेवता. आपल्या मराठीत हेच म्हणायचं तर कोणापेक्षा ते बोलावं लागतं, आणि समोर लेकीचं तोंड बघून जीभ जराशी अडखळते. इंग्रजीत तुम्ही पटकन मोकळे व्हायचात.

धाकटी हंडा घेऊन यायची तेव्हा तिच्या ताटात मी करपलेली भाकर टाकायची. तीही मला काही चांगलं वाढत नव्हती. का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, शेफारलीय. अक्षरात तिचं बेटर, पाढ्यांत तिचं बेटर. तिला मंठ्याला दिली तेव्हा सगळा मांडव रडला, मी रडले नाही. तुमच्या दहाव्यालाही आम्ही दोघी दोन टोकांना बसलो होतो. नातेवाईक म्हणाले, सख्ख्या बहिणी अन् असं कसं. कसं ते तुम्हाला विचारायला पाहिजे होतं.

मागच्या आठवड्यात ती माझ्याकडं जालन्याला आल्ती, डोळ्याच्या ऑपरेशनला. आदल्या दिवशी ऐकेना, मीही दोन भाकरी टाकते म्हणाली. टाकल्या, आणि टोपल्यात माझ्या उचलून आपल्या खाली सरकवल्या.

"खाली का घालून राह्यली?" मी म्हटलं.

"राहू दे, आक्का. तुझ्यांच्या वरी माझ्या शोभायच्या न्हाईत. आप्पा म्हणायचे नं, तिची बेटर असती. माझ्या पाळीला रोज तेच. पहिला घास मोडला की तेच." हसत हसतच सांगत होती, मंग एकदम पदर डोळ्याला लावला. "मी तुझा लई राग केला गं. तुझा काही गुन्हा नसताना."

मी हातातलं पीठ झटकत राहिले. आप्पा, एक लेक चुलीपुढं, दुसरी हापशावर, आणि दोघींना तुम्ही एकच वाक्य ऐकवलंत. वाटलं असेल, चुरशीनं दोघी पुढं जातील. पोरी म्हणजे काय शर्यतीचे बैल होते का? मास्तर होतात तुम्ही, गावची पोरं शहाणी केलीत, आणि घरात एवढं कळू नये? गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत. मला तुमचा राग येतो, बिलकुल कमी होत नाही.

तिचं ऑपरेशन बराबर झालं. काळा चष्मा लावून मंठ्याला गेली. आता रोज मीच फोन करते, ड्रॉप टाकले का विचारते, आणि ठेवून देते. त्या दिवशी माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं, की बाई, मलाही ते तेच म्हणायचे, तुझ्या भाकरीचं नाव घेऊन. एवढ्या एका वाक्यानं तिच्या जिवावरचं ओझं तिथंच उतरलं असतं. ते वाक्य इथं तुम्हाला लिहून काय उपयोग. हा कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली सारते, दुसरीकडं कुठं जायचा नाही तो.

तिला मी अजून सांगितलेलं नाही, आप्पा. साठीला आले, आणि पहिल्यांदाच माझी बेटर निघाली होती.