सेनाइदाकडची तीन नंबरची खोली

सोमवार, ५ ऑक्टोबर

पोहोचले एकदाची राजधानीत. काबाइग्वानहून ट्रक, मग बस, मग परत ट्रक. अकरा तास. पाय फुगून पाव झालेत.

चुलतबहिणीने ऐनवेळी हात वर केले. घरात रंगकाम काढलंय म्हणे. मला आत न घेता दारातच सांगितलं. भिंतींना रंगाचा थेंब दिसला नाही, पण असो.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने पत्ता दिला. कुआर्तेलेस गल्ली, दारावर लाल खूण असेल ते घर, आपल्या लोकांना खोली देणारं. निळ्या खुणेच्या दारात जाऊ नकोस म्हणाला – ती परदेशी लोकांची, तिथे एका रात्रीत तुझा महिना संपेल.

मालकीण सेनाइदा. सत्तरीची, काटकुळी, जीभ धारदार. किती दिवस राहणार, विचारलं. म्हटलं, चाचणी होईपर्यंत. तिच्याकडे उतरणारे बहुतेक दवाखान्याचे, त्यामुळे तिने लगेच विचारलं – रक्ताची की लघवीची?

"आवाजाची," मी म्हटलं.

तिने खुर्ची ओढली. मग म्हणाली, आधी कॉफी घे.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

खोली म्हणजे जुन्या दिवाणखान्याचा प्लायवूडने कापलेला तुकडा. छत चर्चसारखं उंच, रुंदी कपाटाएवढी. खिडकी अर्धी माझ्याकडे, अर्धी दोन नंबरमध्ये. मी उघडली की शेजारच्याचीही उघडते. पाणी पहाटे पाच ते सहा. जो उशिरा उठेल तो तसाच राहील – हा सेनाइदाचा पहिला नियम. बाकीचे नियम ती आठवतील तसे सांगते.

दोन नंबरमध्ये एवारिस्तो. बाराकोआच्या डोंगरातला, कोको पिकवणारा, साठीचा. एक डोळा पूर्वीच गेलेला, दुसऱ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यावर पट्टी. मुलगा सोडून गेला, रविवारी न्यायला येणार. तोवर सेनाइदा त्याला हाताला धरून टेबलाशी आणते आणि वर शिव्या घालते. त्याला दोन्ही आवडतं.

आज चिरुटाच्या कारखान्यात चाचणीसाठी नाव पक्कं करून आले. तीन जण आहोत. प्रत्येकाने दोन दिवस वाचायचं – सकाळी वर्तमानपत्र, दुपारनंतर गोष्टीचं पुस्तक. मग मतदान. चिरूट वळणारेच ठरवणार, दिवसभर त्यांना कोणी वाचून दाखवायचं ते. साहेबांचं मत नाही.

मी सत्तावीस वर्षं काबाइग्वानच्या कारखान्यात तंबाखूच्या पानांच्या शिरा काढल्या. सत्तावीस वर्षं मान खाली आणि कान वर. उंच खुर्चीतला वाचणारा वाचायचा आणि आम्ही सगळ्या ऐकायचो. सहावी शिकलेली मी, पण जगातली निम्मी माणसं त्या खुर्चीमुळे मला ओळखीची. एकदा तो आजारी पडला. मी म्हटलं, मी वाचू? अख्खं दालन हसलं. एडेल्मिरा, तू वाचलंस तर गुरं रानातून परत येतील! माझा आवाज हा असा. जाड, पुरुषी. आई म्हणायची, बाईसारखं बोल गं, हळू बोल. म्हणून मी पन्नास वर्षं हळू बोलले.

आता बोटांचे सांधे गेले. काम सुटलं. आणि इथली जाहिरात वाचली.

मायलेनला फोन केला. पोटची पोर, पण सासूसारखी बोलली. "आई, या वयात? रोलांदोच्या घरचे काय म्हणतील?"

रोलांदोच्या घरच्यांना मत नाहीये, म्हटलं मी. तेवढ्यात जावई रोलांदो आला असावा, तिने फोन ठेवला.

बुधवार, ७ ऑक्टोबर

पहिल्या उमेदवाराला ऐकायला गेले. लिओनेल नावाचा नट. पाकात घोळलेला आवाज. माइक ओठाला लावून वाचतो, जणू एकेकीच्या कानात सांगतोय. बायकांनी चावेता बडवल्या – पान कापायची ती अर्धगोल पाती लाकडी पाटावर आपटायची, हीच इथली टाळी. आवडलं नाही तर तीच पाती जमिनीवर टाकतात.

त्याच्यासाठी शंभर पाती वाजली.

बरोबर न्यायला पुस्तक नव्हतं. सेनाइदाच्या फ्रिजच्या एका पायाखाली एक जाडजूड पुस्तक होतं. कव्हर नाही, नाव नाही. तिने फ्रिजखाली वीट सारली आणि पुस्तक झटकून दिलं. आत गोष्ट दीपगृह राखणाऱ्याच्या बायकोची. नवरा मरतो. ती कोणालाच कळवत नाही आणि रोज स्वतः दिवा लावत राहते. वाचता वाचता कॉफी उतू गेली.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

वाट लागली.

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते. खुर्ची उंच. समोर एकशे ऐंशी डोकी. माइकवर पहिला शब्द काढला आणि छतावरून ढग गडगडल्यासारखा माझाच आवाज परत आला. कोणीतरी फिस्सकन हसलं. झालं! मी आवाज दाबला. इतका दाबला की मला स्वतःला ऐकू येईना. वर्तमानपत्र कसंबसं संपवलं. दुपारी गोष्ट सुरू केली तर मागच्या रांगेतून – "मोठ्याने!" मोठ्याने केलं तर पुढची बाई दचकली. परत दाबलं.

आणि मग खण्णकन आवाज. पातं जमिनीवर. एक. मग अजून एक.

मी वाचत राहिले. काय वाचलं ते आठवत नाही.

घरी आले ती सरळ पिशवी भरायला लागले. प्लायवूडपलीकडून एवारिस्तो म्हणाला, कपड्यांचा आवाज येतोय, निघालात वाटतं. म्हटलं, हो. मला एकदा वाचून दाखवा आणि मग जा म्हणाला, चार दिवस मी अंधारात बसलोय. नाही कसं म्हणणार? जेवणाच्या टेबलाशी बसून आज कारखान्यात वाचलेलंच पान वाचलं. तो पट्टीखाली हलत नव्हता. सेनाइदा युकाचे कंद सोलत होती.

पान संपलं. एवारिस्तो म्हणाला, "बाई, तुम्ही वाचत नाही. तुम्ही माफी मागताय."

मला राग आला. खरंच आला. म्हणाले, माझा आवाज असा आहे, लोक हसतात. तो म्हणाला, हसू दे की, हसून झाल्यावर ऐकतील. डोंगरात आम्ही या दरीतून त्या दरीत बोलतो, कोणी माइक लावत नाही.

सेनाइदाने सुरी खाली ठेवली. म्हणाली, हिला मी पहिल्या दिवसापासून सांगणार होते – मीठ मागताना कुजबुजते, जशी काही चोरून नेतेय.

परत वाचलं तेच पान. या वेळी दाबलं नाही. समोरच्या घरातल्या बाईने खिडकी उघडून विचारलं, मग त्या विधवेला पकडलं का?

पिशवी रिकामी केली.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

केलं! केलं मी!

सकाळी पाचला उठून अंघोळ. सेनाइदाने पाव आणि पेरूच्या वडीचा जाड तुकडा दिला, तोंडाने मात्र म्हणाली की उरला होता.

खुर्चीवर चढले. लोक खाली बघून पानं कापत होते, कालचीच बाई म्हणून. मी माइकचं बटण बंद केलं. बाजूला सरकवला. देखरेखवाला धावत आला, अहो बाई, मागच्यांना ऐकू येणार नाही. मागची रांग म्हणजे पन्नास पावलं लांब. मी त्या रांगेकडे बघून, पोटातून, जसा आहे तसा आवाज काढला – "मागे ऐकू येतंय का?"

सगळं दालन वर बघायला लागलं. मागून एक म्हातारा ओरडला, "बाई, समुद्रापर्यंत जातंय."

हसले सगळे. मीही हसले. हे हसणं कालच्यासारखं नव्हतं.

दुपारी विधवेची गोष्ट. सरकारी बोट येते, साहेब विचारतो नवरा कुठे, ती म्हणते झोपलाय, रात्रपाळी करतो. साहेबाचा आवाज मी जाड काढला – तो तर मला फुकटच मिळालेला! विधवेचा तसाच ठेवला, माझा. बारीक करायचा मोह झाला, नाही केला. बाई म्हणून कोण म्हणतं आवाज बारीकच हवा?

साहेब जिना चढायला लागतो. एकेक पायरी. मी एकेक पायरी वाचली. आणि वर बघितलं तर हात थांबलेले. वळणाऱ्यांचे हात थांबत नाहीत, सत्तावीस वर्षांत मी तरी थांबलेले पाहिले नव्हते. घंटा झाली. मी पुस्तक मिटलं.

मग पाती वाजायला लागली. पाटांवर, कडेपासून कडेपर्यंत, गारा पडल्यासारखी. किती वेळ, मोजलं नाही. खुर्चीवरून उतरताना लक्षात आलं, माझे गाल ओले आहेत आणि मी पुसतही नाहीये.

घरी आल्यावर बोलायला तोंड उघडलं तर एवारिस्तोच म्हणाला – जिन्यावरच्या पावलांवरून कळलं.

शनिवार, १० ऑक्टोबर

सुट्टी. घसा बसलाय. दिवसभर खुणांनी बोलले. सेनाइदाच्या मते याहून चांगली पाहुणी तिला मिळालेली नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

पावाच्या रांगेत एका अनोळखी मुलीने दंड धरला. वळणाऱ्यांपैकी. म्हणाली, जिन्यावर पुढे काय झालं तेवढं सांगा, मी कोणाला सांगणार नाही. म्हटलं, मत द्या, मग कळेल. रांगेतल्या इतरांना वाटलं मी राजकारणात आहे.

दुपारी एवारिस्तोची पट्टी काढली. मुलगा आला होता. एवारिस्तो थोडा वेळ डोळा मिचकावत बसला, मग सेनाइदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाला, "एवढीशी? आवाजावरून मला वाटलं सहा फुटी बाई असेल."

इतकी हसले की खुर्ची धरावी लागली. जाताना त्याने सेनाइदाला कोकोची गोणपिशवी दिली आणि मला हात दिला. हात सोडायला जरा उशीर केला. बस्स. तेवढंच.

दोन नंबर रिकामी. भिंतीपलीकडची शांतता सवयीची नाही.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

तिसऱ्या उमेदवाराचे दोन दिवस झाले. निवृत्त मास्तर, सभ्य माणूस. चांगलं वाचतो. लिओनेल तर त्याहून चांगलं. उद्या मतदान. जेवण गेलं नाही. सेनाइदा म्हणाली, हरलीस तरी काळे वाल आणि भात हा असाच राहणार आहे, खा.

बुधवार, १४ ऑक्टोबर

चिरुटांच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. आम्हा तिघांना बाहेर जिन्यात बसवलं. लिओनेलने मला पुदिन्याची गोळी दिली. सज्जन आहे. त्याचा राग करणं मला जमलं असतं तर बरं झालं असतं.

आत बोलावलं. त्या दालनातला सगळ्यांत जुना माणूस, गुमेर्सिंदो, पुढे आला. शुक्रवारी "समुद्रापर्यंत" म्हणाला होता तोच. त्याने कागद वाचलाच नाही. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चढा बाई खुर्चीवर. तो साहेब पाच दिवस जिन्यात अडकलाय."

एकशे एकवीस मतं. माझी. लिओनेल एकेचाळीस, मास्तर अठरा.

चढले. वाचलं. साहेबाला वर पोहोचवलं.

बाहेरगावच्यांना इथे राहायला परवाना लागतो, त्याचा अर्ज कामगारांची समितीच करणार आहे. सेनाइदाने खोलीच्या दारावरून तीन हा आकडा खरवडून काढला आणि खडूने माझं नाव लिहिलं. स्पेलिंग चुकवलं. मी तसंच राहू दिलं.

मायलेनला फोन लावला. सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, गल्लीभर. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, आई, घाबरली नाहीस? म्हटलं, घाबरले ना. घाबरून झाल्यावर वाचलं.

तिने इथला पत्ता दोनदा विचारून घेतला.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

आज विधवेने साहेबाच्या हातात दिव्याची काडी दिली – लाव तूच. पाती वाजली. महिनाभर असंच चाललं तर मी पुन्हा विशीत जाईन.

शनिवार, १७ ऑक्टोबर

सकाळी सात वाजता दारात मायलेन. कडेवर नात लिया, हातात एकच पिशवी. काल रात्री निघाली, रोलांदोला न सांगता. म्हणाली, परत जा म्हणू नकोस, आई. तू निघू शकलीस, मग मीही.

मी पिशवी तिच्या हातातून घेतली. सेनाइदाने दोन नंबरमध्ये चादर घातली.

मायलेन बसल्या जागी झोपली. लिया मला विचारते, आजी, आपण घरी कधी जायचं?

म्हटलं – आलो की.