तिसऱ्या रेजिमेंटचे खांदे

प्रिय शैलेंद्रदादा,

विनीतावहिनींचा फोन आला होता. रंगवायला नव्या चिमुकल्या तोफा आल्या आहेत, रविवारी ये, पिठलं-भाकरी करते, असं म्हणाल्या. त्यांना ‘कळवतो’ एवढंच सांगून मी फोन ठेवला, म्हणून हे पत्र.

दोन वर्षं या परमुलखात दर रविवारी शिपयार्डच्या डॉर्मिटरीतून तोआ पायोह वस्तीतल्या तुमच्या फ्लॅटवर येत होतो. जहाजांना रंग मारणाऱ्या दहावी नापास माणसाला तुम्ही रशियाच्या झारची पायदळ डिव्हिजन शिकवलीत, हे मी नाकारत नाही. दोन ब्रिगेड, प्रत्येकीत दोन रेजिमेंट, रेजिमेंटच्या चार बटालियन, बटालियनच्या चार कंपन्या. कंपनीमागे चार धरून दोनशे छप्पन्न शिपाई आपण रंगवले. ‘आपण’ हा शब्द तुमचा. जपानकडून मार खाल्लेलं ते सैन्य पुन्हा कसं उभं राहिलं आणि १९१४ मध्ये कसं कापलं गेलं, हे तुम्ही सांगायचात. मी बोटभर शिपायाच्या मिशा रंगवायचो.

पहिल्या ब्रिगेडच्या खांदेपट्ट्या लाल, दुसरीच्या निळ्या. तिसरी रेजिमेंट दुसऱ्या ब्रिगेडमधली, म्हणून मी निळ्या केल्या होत्या. आपलं सैन्य मांडायचं होतं त्या मॉडेल-प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी तुम्ही म्हणालात, लाल कर, उठून दिसतं, कोण बघतंय. मी पुस्तकातलं पान काढून दाखवलं. तुम्ही ते न बघताच मिटलंत. चौसष्ट शिपाई, एकशे अठ्ठावीस खांदे मी पुन्हा रंगवले.

प्रदर्शनात म्हाताऱ्या परीक्षकांनी, मिस्टर टॅननी, नेमकं तिथेच बोट ठेवलं. तुम्ही ऑफिसच्या मित्रांसमोर हसत म्हणालात, आमच्या पेंटरचं काम, शाळेशी त्याचं कधी पटलंच नाही. मित्रही हसले. हे मी गिळलं असतं. यार्डातला फोरमन याहून वाईट बोलतो.

माझं वर्क परमिट पुढच्या महिन्यात संपतं आणि यार्ड ते वाढवून देणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं. टॅन नंतर माझ्याजवळ आले. हात चांगला आहे, म्हणाले. त्यांच्या मॉडेलच्या दुकानात रंगकामाला माणूस हवा होता, इथे राहायच्या पासचंही बघणार होते. फक्त विचारलं, लाल रंग कोणी ठरवला? तुमची मान खाली जाऊ नये म्हणून मी म्हणालो, मीच. ‘देन कॅनॉट लाह,’ मग नाही जमायचं, म्हणाले आणि गेले.

तुम्ही तीन पावलांवर होतात. पाठ फिरवून कपात चहा ओतू लागलात. मी रविवारी येणार नाही. तुम्ही सगळं ऐकलंत, हे मी पाहिलं. मी पाहिलं, हे तुम्हाला ठाऊक नसावं, म्हणून लिहिलं.

‘तुमचाच’ लिहायला हात धजत नाही,
निशिकांत