वरची रेघ बाकी आहे

प्रिय बॉबिन,

अक्षर बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, तुझी आईही. दर वेळी पत्र तीच लिहिते आणि मी मागून "तब्येतीला जप म्हणावं" एवढंच ओरडतो. हे मात्र माझं मी लिहितोय. तिला माहीत नाही. म्हणजे असणारच, तिला सगळंच माहीत असतं.

मी सुलेखनाच्या वर्गाला जातो. हस खुशाल. चौथीत शाळा सुटलेला माणूस बहात्तराव्या वर्षी पुन्हा गिरवतोय, आणि शिकवणाऱ्या बाई तुझ्याहून लहान. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काका, बोरू पंचेचाळीस अंशांत धरा." मला अंश कुठले कळायला! उरेब कापड कापताना कात्री तिरपी धरतो तसा धरला, तर बाई खूश. तो आनंद पाच मिनिटं टिकला. शिवणीसाठी दोन्हीकडे कापड सोडायची माझी सवय. तशी प्रत्येक अक्षराच्या दोन्ही बाजूंना मी बोटभर जागा सोडली. बाई म्हणाल्या, "काका, यांची आपसांत भांडणं झालीत का?" मग वरची रेघ. ती प्रत्येक शब्दापुरती द्यायची, पण मी एकदा टीप मारायला लागलो की थांबतो कुठे? रेघ माझ्या कागदावरून, टेबलावरून थेट वर्गात शेजारी बसणाऱ्या नर्सबाईंच्या वहीत शिरली. त्या म्हणाल्या, "आता माझंही पान दुमडून हातशिलाई करून द्या." शाई दोनदा सांडली. दुसऱ्यांदा तर सांडेल, सांडेल या धास्तीनेच.

घरी कापड बेतायच्या कागदांवर सराव करतो. परवा शाई ओली असतानाच कागद ठेवला आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तरावर भलामोठा 'क' उमटला. तुझी आई म्हणाली, "असू दे, आतून तरी शिकलेला दिसेल." काजंही हल्ली मीच करतो, त्यामुळे लोकांची बटणं निम्मीच लागतात. बाईंनी विचारलं, सारखा 'क'च का गिरवता? म्हटलं, अवघड जातो. ते खरं नव्हतं.

दुकानाची पाटी आठवते ना? 'टेलर आणि सुपुत्र'. कुणी जन्मायच्या आधीच मी पेंटरकडून रंगवून घेतली होती. पुढे बाराव्या वर्षापासून काजं तू केलीस, बाह्या तू बसवल्यास, आणि गिऱ्हाइकाने "सुपुत्र दिसत नाहीत?" विचारलं की मी हसून म्हणायचो, "येतील की." तू म्हणालीस, बाबा, पाटी बदला. मी म्हणालो, पाटी वाचतं कोण? तू कात्री टेबलावर ठेवलीस आणि परगावी दुसऱ्याच्या दुकानात लागलीस. सहा वर्षं झाली. रोज वाचणारी तूच होतीस, हे माझ्या डोक्यात आत्ता शिरलं. गेल्या आठवड्यात पाटी उतरवली. 'सुपुत्र' स्वतः खरवडून काढला आणि तिथे 'कन्या' लिहिलं. पेंटरला सांगता आलं असतं, पण माझी टीप मीच उसवायला हवी होती. अक्षर जरा डावीकडे कललंय. वरची रेघ मात्र दिलेली नाही. कुठे थांबायचं ते माझ्या हाताला कळत नाही, तुला ठाऊकच आहे. ती द्यायला ये. नाही आलीस तरी पाटी तशीच लावणार, बिनरेघेची. ब्रश रोज धुऊन ठेवतो. कडक होईल की काय, याचीच काळजी लागलीय.

तुझाच,
बाबा