रिकामे रकाने आणि चहाचा डाग

तीर्थरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? काकांनाही माझा नमस्कार सांग. इकडे सगळे ठणठणीत आहेत, फक्त लाँड्रीतलं मोठं मशीन पुन्हा रुसलंय (बाबांच्या मते त्याला कपड्यांपेक्षा विश्रांतीची हौस जास्त).

मी विज्ञान विद्यापीठाचा अर्ज भरला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. शंभरातल्या चौघांना घेतात म्हणे. मार्कांचं पान झरझर भरलं, पण उलटून बघते तर 'अभ्यासाव्यतिरिक्त उपक्रम' आणि खाली दहा रकाने! शाळा सुटली की मी लाँड्रीच्या काउंटरवर, त्यामुळे खेळ, नाटक, वक्तृत्व या सगळ्यांशी माझा छत्तीसचा आकडा. आईने कंबर कसली. म्हणाली, "महिना आहे हातात. काहीतरी हो." मग मी गायनवृंदात गेले. तिथल्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी फार प्रेमाने सांगितलं की तू नुसते ओठ हलव. वृद्धाश्रमात पेपर वाचून दाखवायला गेले, तर एका निवृत्त मुद्रितशोधक आजोबांनी दर ओळीला थांबवून माझेच उच्चार सुधारले (तासाभरात हवामानाची बातमीसुद्धा पुरी झाली नाही). शेजारच्या दंतवैद्यांनी मला बुद्धिबळात सात खेळ्यांत हरवलं आणि वर सांगितलं की माझी अक्कलदाढ अजून आलेली नाही.

शेवटी नऊ रकाने कोरे ठेवले आणि एकात खरं ते लिहिलं: 'चहाचे डाग वाळताना बघते.' दोन वर्षं बघतेय गं. थेंब वाळला की मध्ये फिका आणि कडेला गडद, जणू कुणी पेनाने गिरवलाय. का बरं? माझा अंदाज असा की कडेचं पाणी आधी उडतं, ती जागा भरायला मधलं पाणी धावतं आणि जाताना चहाचा गाळ सोबत ओढून नेतं. आईने कपाळावर हात मारला. "आता ते तुला चहा करायलाच बोलावतील!"

बोलावलं, पण मुलाखतीला. समोर तीन प्राध्यापक. मधल्या बाईंनी विचारलं, "थेंबात साबण असेल तर?" लाँड्रीत वाढलेली मी, आणि हे कधी सुचलंच नव्हतं! मी म्हटलं, "माहीत नाही. साबण आहे का?" बाई तडक उठल्या आणि बेसिनवरचा साबण घेऊन आल्या. त्यांच्याच कपातल्या चहाचे दोन थेंब स्टीलच्या ट्रेवर ठेवले, एक साधा, एक साबणाचा. मुलाखत पंधरा मिनिटांची, आणि आम्ही चौघं पाऊण तास ट्रेवर ओणवे. बाहेर ताटकळलेला पुढचा उमेदवार (पोहण्यातली पदकं वगैरे) दार ढकलून आत आला नि तोही वाकला. साबणाच्या थेंबाची कड पुसट उमटली, एका बाजूला तर नाहीच. असं का, यावरून तिघा प्राध्यापकांत जी जुंपली, की मला 'जा' म्हणायचंही कुणाला सुचेना. मीच उठले, पण खरं सांगू, पाय निघत नव्हता.

तुझी भाची

ता. क. काल त्यांचं पत्र आलं. घेतलं मला! फक्त ओळखीच्या वडीलधाऱ्या माणसाचं शिफारसपत्र पोचलं की प्रवेश पक्का. तू मुख्याध्यापिका होतीस, तूच लिही ना.

ता. क. २. पत्रासोबत तुझा तो पांढरा टेबलक्लॉथही पाठव, न धुता. मुलाखतीतल्या बाईंना कापडावरचा जुना डाग बघायचाय. तो काकांनी पाडलेला नाही, मीच मोजून सहा थेंब टाकले होते. तेव्हा त्यांना आता गॅलरीत उभं न करता टेबलाशी बसवून चहा द्यायला हरकत नाही.